शोधनिबंध डॉक्टरांपर्यंत कसे पोहोचतात

एखादे औषध किंवा शस्त्रक्रिया रुग्णाला खरोखर उपयोगी पडते का, याचे उत्तर आज वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेल्या लाखो शोधनिबंधांत दडलेले असते. ते शोधून काढण्यासाठी डॉक्टर जी साधने वापरतात त्यांना ढोबळमानाने वैद्यकीय डेटाबेस म्हणतात. त्यांतली काही जगात कुणालाही फुकट खुली आहेत, तर काहींची वर्गणी मोठमोठ्या महाविद्यालयांनाही जड जाते. एखाद्या डॉक्टरला यांतले नेमके काय वाचायला मिळेल, हे त्याच्या पदवीवरून किंवा अनुभवावरून ठरत नाही. तो कोणत्या संस्थेत आणि कोणत्या देशात काम करतो, यावरून ते ठरते.

या साधनांचे तीन थर आहेत. पहिला सूचींचा. पबमेड, एम्बेस, परिचर्येसाठीची सिनाल अशा सूचींत निबंधाचे शीर्षक, लेखक, नियतकालिक आणि बहुतेक वेळा गोषवारा मिळतो. पूर्ण निबंध तिथे असेलच असे नाही. दुसरा थर पूर्ण निबंधांचा, म्हणजे ‘लॅन्सेट’, ‘बीएमजे’, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ यांसारख्या नियतकालिकांचा आणि ती विकणाऱ्या प्रकाशकांच्या संकेतस्थळांचा. तिसऱ्या थरात दुसऱ्या कुणीतरी आधीच वाचून, पारखून, एकत्र मांडलेले ज्ञान असते. कॉक्रेन लायब्ररीतले पद्धतशीर आढावे या थरातले. त्याचप्रमाणे अपटुडेट, डायनामेड, बीएमजे बेस्ट प्रॅक्टिस ही रुग्ण समोर बसलेला असताना दोन मिनिटांत उघडून पाहण्याची साधनेही. पबमेडमुळे पहिला थर बव्हंशी मोफत झाला आहे. पैशांचा प्रश्न दुसऱ्या थरापासून सुरू होतो आणि तिसऱ्यात तो सर्वांत जास्त टोचतो, कारण गजबजलेल्या ओपीडीत उपयोग होतो तो याच थराचा.

तिन्ही थर कशाला लागतात, हे एका उपचाराच्या इतिहासावरून समजते. मुदतीआधी प्रसूती होऊ घातलेल्या स्त्रीला कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि मृत्यू टळतात, असे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. पुढल्या वीस वर्षांत आणखी चाचण्या झाल्या. बहुतेकींचा कल तोच होता, पण त्या निरनिराळ्या नियतकालिकांत पडून राहिल्या आणि बऱ्याच प्रसूतितज्ज्ञांनी हा उपचार अंगीकारलाच नाही. सगळ्या चाचण्यांचे आकडे एका आलेखात मांडल्यावर चित्र स्वच्छ झाले. तोच आलेख पुढे कॉक्रेन संस्थेचे बोधचिन्ह झाला.

मात्र सुसज्ज रुग्णालयांतला हा निष्कर्ष गावपातळीवरच्या प्रसूतींना लागू पडतो का, हे कुणी पाहिले नव्हते. त्यासाठी सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. नागपूर आणि बेळगाव ही तिची भारतातली केंद्रे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षाने अनेकांना धक्का बसला. नवजात बाळांचे एकूण मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले होते, आणि ही उपचारपद्धती राबवलेल्या भागांतल्या दर हजार स्त्रियांमागे साधारण ३.५ मृत्यू जास्त झाले होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत नवी चाचणी घेतली. या वेळी प्रसूती रुग्णालयातल्या होत्या, गर्भाचे वय नीट मोजलेले होते आणि नवजात बाळाच्या काळजीची किमान सोय होती. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने तिचे आकडे छापले. स्टेरॉइड मिळालेल्या गटात १९.६ टक्के बाळे दगावली, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. त्याच वर्षी कॉक्रेनच्या अद्ययावत आढाव्यात २७ चाचण्या आणि ११,२७२ स्त्रियांची माहिती एकत्र झाली. औषध तेच असले तरी ते कुठे आणि कोणत्या तयारीनिशी दिले जाते यावर फायदा की तोटा हे ठरत होते. ज्याला फक्त १९७२ चा निबंध ठाऊक आहे तो डॉक्टर चुकेल, आणि ज्याने फक्त २०१५ चा वाचला आहे तोही.

विखुरलेले निबंध एका ठिकाणी नोंदवण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून आले याची विषयवार नोंद तिच्यात असे. या सूचीचे जाडजूड खंड पुढची अनेक दशके ग्रंथालयांत भिंतभर रचलेले असत आणि एमडीच्या विद्यार्थ्याला थीसिससाठी संदर्भ हवे असले की खंडामागून खंड काढून बोट फिरवत बसावे लागे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६४ मध्ये हे काम संगणकावर नेले. मेडलार्स नावाच्या त्या यंत्रणेतून १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी मेडलाइन निघाली. त्या काळी शोध घ्यायचा तो प्रशिक्षित ग्रंथपालाने; डॉक्टर आपला प्रश्न लिहून त्याच्याकडे देत आणि निकालाची वाट पाहत. जून १९९७ मध्ये पबमेड सर्वांसाठी मोफत खुले झाले आणि मधला माणूस गळाला. इथे काही गमावलेही गेले, पण त्याचा विचार पुढे येईल. पबमेडमध्ये आज ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत.

तिसऱ्या थराची बैठक ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी घातली. उपचारांची परिणामकारकता चाचण्यांनी तपासली पाहिजे आणि त्या चाचण्यांचा विषयवार गोषवारा सतत तयार होत राहिला पाहिजे, असा आग्रह ते १९७० च्या दशकात धरत होते. १९९३ मध्ये इयन चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी केली. त्याच सुमारास कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट यांनी पुराव्याधिष्ठित वैद्यक ही संज्ञा रूढ केली. डॉक्टरने निर्णय घेताना उत्तम उपलब्ध संशोधन, स्वतःचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घालावा, अशी मांडणी डेव्हिड सॅकेट यांनी केली. १९९२ मध्ये बर्टन रोझ या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञाने अपटुडेट सुरू केले आणि पुराव्याचा सारांश डॉक्टरच्या टेबलावर आणून ठेवण्याचा धंदा उभा राहिला. २००८ मध्ये ते व्होल्टर्स क्लूवर या डच कंपनीने विकत घेतले.

धंदा हा शब्द इथे निंदेने वापरलेला नाही. शेकडो तज्ज्ञांकडून लेख लिहून घेणे, ते सतत सुधारत राहणे याला खर्च येतोच. पण नियतकालिकांची गोष्ट निराळी आहे. संशोधनाचा पैसा बहुतांशी सरकारचा, निबंध लिहिणारे विनामोबदला लिहितात, तपासणारेही विनामोबदला तपासतात, आणि तयार झालेला अंक त्यांच्याच संस्थांना वर्गणी लावून विकला जातो. प्रकाशक शेकडो नियतकालिकांचा एकगठ्ठा सौदा करतात. संस्थेला हवी असलेली चार आणि नको असलेली चाळीस एकत्र घ्यावी लागतात. किमती संस्थागणिक बदलतात आणि त्या गुप्त ठेवण्याच्या अटी करारात असतात. एकटा सुटा निबंध विकत घ्यायचा म्हटले तर साधारण ३० ते ५० डॉलर मोजावे लागतात, आणि तो उपयोगाचा आहे की नाही हे पैसे भरल्यावरच कळते.

संस्थेने वर्गणी भरली की दार उघडते ते तांत्रिक पद्धतीने. सर्वांत जुनी आणि अजूनही प्रचलित पद्धत म्हणजे महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता प्रकाशकाकडे नोंदवणे. त्या जोडणीवरून कुणीही आले तर पासवर्डशिवाय निबंध उघडतो. वसतिगृहातल्या मोबाइल डेटावरून तोच निबंध पैसे मागतो. रात्रपाळीतल्या रेसिडेंटला वॉर्डात वायफाय नसेल तर संस्थेची लाखो रुपयांची वर्गणी त्याच्यापुरती नसल्यासारखीच. यावर उपाय म्हणून दुरून प्रवेशाची सोय असते. ईझीप्रॉक्सीसारखी यंत्रणा घरून आलेल्या वाचकाला आधी संस्थेच्या सर्व्हरवर नेते आणि तिथून प्रकाशकाकडे पाठवते. ओपनअथेन्ससारख्या सेवेत प्रत्येकाला वैयक्तिक लॉगिन मिळते. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने इन्फेड नावाची अशीच ओळख-पडताळणीची व्यवस्था उभारली आहे. हे लॉगिन ग्रंथालयातून मागून घ्यावे लागते, आणि ते आहे हेच ठाऊक नसलेले विद्यार्थी दरवर्षी तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचतात.

काही देशांनी हा प्रश्न संस्थेच्या पातळीवर न सोडता राष्ट्राच्या पातळीवर सोडवला. नॉर्वेने २००६ मध्ये हेल्सेबिब्लिओटेके हे सरकारी आरोग्य-ग्रंथालय सुरू केले. देशातल्या कुठल्याही जोडणीवरून, डॉक्टर असो वा रुग्ण, अनेक महागडी साधने तिथे मोफत उघडतात. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या कर्मचाऱ्यांना ओपनअथेन्सचे लॉगिन मिळते. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या डॉक्टरला रुजू झाल्यावर ते सहज हाती येते. गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सहा मोठ्या प्रकाशकांबरोबर २००२ मध्ये हिनारी हा कार्यक्रम सुरू केला, ज्यात हजारो नियतकालिके फुकट किंवा नाममात्र दरात मिळतात. भारत त्यात नाही. दरडोई उत्पन्न कमी असले तरी देशाचा एकूण पसारा मोठा आहे आणि प्रकाशकांच्या दृष्टीने ही पैसे देणारी बाजारपेठ आहे. नेपाळमधल्या जिल्हा रुग्णालयाला हिनारीतून जे मिळू शकते, ते गडचिरोलीतल्या रुग्णालयाला त्या वाटेने मिळू शकत नाही.

भारताने आपली सोय टप्प्याटप्प्याने केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर यांनी मिळून १९८६ मध्ये दिल्लीत मेडलार्स केंद्र स्थापन केले. इंटरनेट येण्याआधी देशभरातल्या डॉक्टरांना मेडलाइनमधून शोध करून देणे हे त्याचे काम होते. भारतीय नियतकालिकांची इंडमेड ही सूचीही याच केंद्राने केली. २००७ मध्ये आयसीएमआरने संपूर्ण देशासाठी कॉक्रेन लायब्ररीचे सदस्यत्व घेतले, आणि भारतातल्या कुठल्याही इंटरनेट जोडणीवरून सगळे आढावे पूर्ण वाचता येऊ लागले. एवढ्या लोकसंख्येला एका करारात सामावणारी ही तेव्हाची मोठीच घटना होती, आणि तिच्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या कॉक्रेन केंद्राचा पाठपुरावा होता. असे करार ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की नव्याने पैसे आणि नव्याने सही लागते. २००८ मध्ये दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीने ईआरमेड ही सामायिक खरेदीची व्यवस्था सुरू केली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि आयसीएमआरच्या संस्था अशा सदस्यांसाठी नियतकालिके एकत्र विकत घ्यायची, असा तिचा हेतू.

या सगळ्यांपेक्षा मोठे पाऊल ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली करायची, आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधकांपर्यंत ती न्यायची, असा आराखडा आहे. व्यवस्था इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, बीएमजे असे वैद्यकातले मोठे प्रकाशक यात आहेत. पूर्वी एका सरकारी महाविद्यालयात ‘लॅन्सेट’ मिळे आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या नव्या महाविद्यालयात मिळत नसे. ही तफावत यातून पुष्कळ कमी होते. पण योजना नियतकालिकांची आहे. रुग्णाच्या उशाशी उघडायची अपटुडेटसारखी साधने संस्थेने आपली आपण घ्यायची.

आणि ती सरकारी संस्थांची आहे. भारतात बाह्यरुग्णांचा मोठा भार खासगी दवाखाने आणि वीस-पंचवीस खाटांची नर्सिंग होम उचलतात. तिथला डॉक्टर कुठल्याच करारात बसत नाही. विरोधाभास असा की पीजीच्या तीन वर्षांत, डोक्यावर युनिट हेड असताना आणि चूक झाली तर निस्तरायला वरिष्ठ असताना, त्याला जगभरची नियतकालिके उघडी असतात. पदवी घेऊन तो तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकतो, सगळे निर्णय एकट्याने घेऊ लागतो, आणि त्याच महिन्यात त्याचे लॉगिन बंद होते. पुढच्या टप्प्यात खासगी शिक्षणसंस्था आणि सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत सामान्य नागरिक, अशी नव्या योजनेची व्याप्ती वाढवण्याचा विचार मांडला गेला आहे. तो अमलात आला तर दवाखान्यातल्या डॉक्टरला प्रथमच अधिकृत वाट मिळेल.

तोवर तो आपापल्या वाटा काढतो. अपटुडेटची वैयक्तिक वर्गणी वर्षाला काहीशे डॉलर असते. मोठ्या शहरातले सुपरस्पेशालिस्ट ती भरतात, जनरल प्रॅक्टिशनर सहसा भरत नाहीत. व्यावसायिक संघटनांच्या सदस्यत्वातून त्यांची स्वतःची नियतकालिके घरपोच येतात. जुन्या कॉलेजातल्या ज्युनिअरला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून पीडीएफ मागवणे हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे, परवान्याच्या अटींत तो बसतो की नाही याची फिकीर सहसा कुणी करत नाही. मूळ लेखकाला ईमेल करून निबंध मागणे मात्र पूर्णपणे रीतसर आहे. पत्ता गोषवाऱ्याखालीच असतो, बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात, आणि तरीही हा मार्ग फार थोडे डॉक्टर वापरतात.

आणखी एक वाट थेट दवाखान्याच्या दारात येते. औषध कंपनीचा एमआर चकचकीत कागदावर छापलेला शोधनिबंध टेबलावर ठेवून जातो. २०२४ च्या औषध-विपणन संहितेने डॉक्टरांना द्यायच्या भेटवस्तूंवर मर्यादा घातल्या, पण पुस्तके, नियतकालिके, ई-जर्नल यांसारखे शैक्षणिक साहित्य नगाला १,००० रुपयांपर्यंत द्यायला मुभा ठेवली. तो निबंध खोटा असतोच असे नाही. अडचण निवडीची आहे. ज्या चाचणीत औषध जिंकले ती येते, ज्यात हरले ती येत नाही. अनेक खासगी डॉक्टरांच्या वाट्याला येणारे ‘संशोधन’ या एकाच गाळणीतून आलेले असते, आणि डेटाबेसची दारे बंद असण्याचा सर्वांत मोठा तोटा कदाचित हाच आहे.

रीतसर आणि मोफत मिळणारे साहित्य मात्र बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप आहे. अमेरिकेचे पबमेड सेंट्रल २००० पासून पूर्ण निबंध साठवते. पबमेडमध्ये शोध घेताना ‘फ्री फुल टेक्स्ट’वर खूण केली की फक्त उघडता येणारे निबंध समोर येतात. कॉक्रेनच्या आढाव्यांचे गोषवारे नेहमीच खुले असतात, आणि २०१३ नंतर आलेले पूर्ण आढावे प्रकाशनानंतर १२ महिन्यांनी सर्वांना मोफत होतात. ‘न्यू इंग्लंड जर्नल’चे मूळ संशोधन-निबंध सहा महिन्यांनंतर नोंदणी करून वाचता येतात. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवायचे छोटे साधन एखाद्या बंद निबंधाची कायदेशीर मोफत प्रत इतरत्र, उदाहरणार्थ लेखकाच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, ठेवलेली असेल तर ती शोधून देते. आयसीएमआरने २०१९ पासून काढलेली उपचारांची प्रमाणित कार्यपद्धती एकेका पानावर मांडलेली असून ती मोफत आहे. एखाद्या औषधाची भारतात चाचणी सुरू आहे का, हे २००७ पासून चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत कुणालाही पाहता येते. २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची झाली आहे. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या संशोधनासाठी आयुष रिसर्च पोर्टल आहे.

या खुल्या वाटांच्या इतिहासात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे इंटरनेटवर पूर्ण मजकूर मोफत ठेवणाऱ्या आरंभीच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक. बालरोगतज्ज्ञ डी. के. साहू यांनी मुंबईत उभारलेल्या मेडनो प्रकाशनाने हीच रीत देशातल्या अनेक वैद्यकीय संघटनांच्या नियतकालिकांना लावली. लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत, छापील अंकाची वर्गणी आणि जाहिरात यांवर खर्च भागवायचा, असे ते गणित होते. २०११ मध्ये मेडनोही व्होल्टर्स क्लूवरकडे गेले. आयसीएमआरचे १९१३ पासूनचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’, बालरोगतज्ज्ञांचे ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ आणि मुंबईहून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हीही वाचायला खुली आहेत. भारतीय रुग्णांत क्षयरोग, सर्पदंश किंवा डेंग्यू कसा वागतो, हे बोस्टनच्या नियतकालिकापेक्षा इथे लवकर सापडण्याची शक्यता जास्त.

सायहबचा उल्लेख टाळता येत नाही. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ बंद निबंध कुणालाही काढून देत असे, आणि भारतातले रेसिडेंट डॉक्टर त्यावर किती विसंबून होते हे कुठल्याही ग्रंथपालाला ठाऊक आहे. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दावा लावला. २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात रोखण्याचा आदेश दिला. लोकप्रियता असली तरी हा मार्ग प्रताधिकार कायद्याचा भंग करणाराच होता. पण तो इतका वापरला गेला, याचे कारण कायदेशीर मार्गांची रचना डॉक्टरच्या कामाच्या वेळापत्रकाला अनुसरून झालेली नाही, हेही तितकेच खरे.

दार उघडल्यावर आत काय मागायचे, हे वेगळे कसब आहे. पबमेडमध्ये नुसते ‘डायबिटीस’ लिहिले तर लाखो नोंदी येतात आणि शोध तिथेच संपतो. म्हणून प्रश्नाचे चार तुकडे करायला शिकवतात: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम मोजायचा. ‘टाइप २ मधुमेह असलेल्या साठीच्या पुढच्या रुग्णाला अमुक औषध मेटफॉर्मिनच्या तुलनेत हृदयविकाराचा झटका टाळायला मदत करते का’ असा प्रश्न मांडला की शोधाचे शब्द आपोआप हाती येतात. त्याच्या जोडीला मेश ही प्रमाणित विषयसंज्ञांची यादी असते. कुणी ‘हार्ट अटॅक’ लिहितो, कुणी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’; मेश दोन्ही निबंध एका संज्ञेखाली आणते. पबमेडमधल्या ‘क्लिनिकल क्वेरीज’ या विभागात उपचार, निदान, रोगाची वाटचाल अशा हेतूंनुसार तयार गाळण्या आहेत, आणि घाईच्या वेळी त्यांचा फार उपयोग होतो. वरून खाली उतरणे ही अनुभवी शोधकांची रीत: आधी अपटुडेटसारखे सारांश किंवा मार्गदर्शक तत्त्वे, मग पद्धतशीर आढावे, आणि तिथेही उत्तर नसेल तरच सुट्या चाचण्या. हे सगळे पूर्वी ग्रंथपाल करीत असे. आजही चांगल्या वैद्यकीय महाविद्यालयात असा ग्रंथपाल असतो, आणि पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्या गटात त्याला लेखक म्हणून स्थान मिळते; थीसिसच्या धावपळीत असलेले विद्यार्थी मात्र त्याच्याकडे पुस्तक परत करायलाच जातात.

सापडलेला निबंध विश्वासार्ह आहे की नाही, याची खात्री डेटाबेस देत नाही. लेखकाकडून पैसे घेऊन कसलीही तपासणी न करता छापणारी नियतकालिके २०१० नंतर फार वाढली आणि त्यांतली बरीच भारतातून निघाली. गूगल स्कॉलरमध्ये ती सर्रास दिसतात. मेडलाइनमध्ये नियतकालिकाची निवड होत असल्याने कमी दिसतात. नामांकित नियतकालिकही चुकते. करोनाच्या काळात, २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा निबंध छापला. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची आकडेवारी तपासायला मिळत नाही म्हणून ४ जूनला तो मागे घ्यावा लागला, पण दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा गट थांबवलाही होता. मागे घेतलेल्या निबंधावर पबमेड ठळक खूण करते. फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर ती अर्थातच उमटत नाही. त्यामुळे जुना निबंध वापरण्यापूर्वी त्याची पबमेडवरची नोंद पुन्हा उघडून पाहावी लागते. झोटेरोसारखी मोफत संदर्भ-साधने हे काम काही अंशी आपणहून करतात: साठवलेल्या यादीतला एखादा निबंध मागे घेतला गेला तर ती वाचकाला तसा इशारा देतात.